आठ फुटांचा ट्रक, सहा फुटांची वाट: मोहावी रोडवर तीन दिवस

आमच्या गॅरेजची खोली २० फूट. ट्रकची लांबी १९ फूट ४ इंच. कागदावर मावतो. प्रत्यक्षात ट्रक आत घालून दार लावलं, की बंपर आणि भिंत यांच्यामधून मांजर जाईल, माणूस नाही. त्यामुळे गेली चार वर्षं माझा रॅप्टर बाहेर ड्राइव्हवेवर उन्हात उभा असतो आणि गॅरेजमध्ये सायकली, जुन्या गाद्या आणि ‘ह्यासाठी घर घेतलं का आपण?’ हा प्रश्न.

ट्रक फोर्डचा एफ-१५० रॅप्टर, २०१८ चा, चार दारांचा, सेकंडहँड. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला दोन टर्बो, ४५० हॉर्सपॉवर, दहा गिअर. मी कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरतो. शेत नाही, बोट नाही, ओढायला घोड्यांचा ट्रेलर नाही. ‘मग कशाला?’ असं विचारणाऱ्यांना मी पूर्वी काहीबाही कारणं द्यायचो. हल्ली ‘आवडला’ म्हणतो आणि विषय बदलतो.

वाळवंटातल्या शर्यतींत पळणारे ट्रक असतात, त्यांचा रस्त्यावर चालवता येईल असा भाऊ म्हणजे हा ट्रक. २०१० च्या मॉडेलपासून सुरुवात झाली. साध्या एफ-१५० पेक्षा याची चाकं दूरदूर बसवलेली, त्यामुळे रुंदी ८६ इंच. ८० इंचांच्या वर गेलं की अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे पुढे तीन पिवळे दिवे लावावे लागतात, मालट्रकला असतात तसे. लोकांना वाटतं ती फॅशन आहे. आरसे उघडे धरले तर भरतात आठ फूट. पुढे तीन दिवस हाच आकडा आम्हाला नडणार होता.

मेहुण्याकडे जीप रँग्लर आहे. ती माझ्यापेक्षा एक फुटाहून जास्त अरुंद. त्याच्या डोक्यात दोन वर्षं मोहावी रोड होता: कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेला बार्स्टोच्या अलीकडच्या कॅम्प केडीपर्यंत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून जाणारी साधारण १३८ मैल कच्ची वाट. मार्चचा पहिला आठवडा ठरला. तो आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा जीपमध्ये, मी एकटा ट्रकमध्ये, असं ठरलं होतं. पण भाच्याने माझ्या गाडीतला मोठा स्क्रीन पाहिला आणि बापाला सोडून माझ्याकडे आला.

सामान भरताना एक गंमत लक्षात आली, म्हणजे माहीत होती पण पहिल्यांदाच झोंबली. दाराच्या खांबावर पिवळं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून किती वजन घ्यायचं. माझ्या ट्रकवर साधारण १२०० पौंड, म्हणजे ५४५ किलो. एवढा दांडगा गडी, आणि साधा कामाचा एफ-१५० त्याच्यापेक्षा जास्त उचलतो! कारण सरळ आहे. खड्ड्यांवरून पळायचं तर मागचे कमानपाटे मऊ हवेत, आणि मऊ पाट्यांवर ओझं चढत नाही. तरी जीपमध्ये जागाच नव्हती, म्हणून पाण्याचे चार कॅन, लाकडं, तंबू, कॉम्प्रेसर, फावडं, वाळूत चाकाखाली घालायच्या फळ्या, सगळं माझ्या हौद्यात आलं.

पहिला दिवस

पहाटे पाचला अर्वाइनमधलं घर सोडलं. पावणेतीनशे मैलांचा हायवे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ३५ इंची टायर डांबरावर घूं घूं करतात, त्याची सवय होते. बार्स्टोला चहा, मग आय-४०, मग सरळ रेघ.

नीडल्सला गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायचा नाही, हे कॅलिफोर्नियातल्या प्रत्येकाने पाठ करावं. गाव हद्दीवर आहे, तिथले भाव बघून माणसं पुलापलीकडे ॲरिझोनात जाऊन टाकी भरतात. आम्ही थोडं पुढे नेवाडात भरली. माझी टाकी ३६ गॅलनची. पंपावरचा आकडा थांबेपर्यंत मेहुणा जीप भरून, पैसे देऊन, काचा पुसून माझ्याकडे येऊन उभा राहिला.

‘दाजी, अजून चालूच?’

‘उंटाला पाणी पाजतोय असं समज.’

उंट उगाच नाही आठवला. १८५७ च्या ऑक्टोबरात एडवर्ड बील नावाचा अधिकारी अमेरिकन लष्कराचे पंचवीसएक उंट घेऊन याच नदीवर येऊन पोचला होता. पश्चिमेकडे जाणारा गाडीरस्ता आखण्याचं काम त्याच्याकडे होतं आणि वाळवंटात उंट चालतील का, हेही बघायचं होतं. उंट पोहणार नाहीत अशी त्याला धास्ती होती. ते आरामात पलीकडे गेले. बुडाले ते काही घोडे आणि खेचरं. त्याच्याही आधी, १७७६ मध्ये गार्सेस हा स्पॅनिश पाद्री आणि १८२६ मध्ये जेडेडाया स्मिथ हा सापळे लावून फरची कातडी जमवणारा व्यापारी इथून गेले, आणि दोघांनाही वाट इथल्या मूळच्या मोहावी लोकांनीच दाखवली. ही वाट मुळात त्यांची, समुद्राकडे व्यापाराला पायी जायची, एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत. आजही वाट त्या झऱ्यांवरूनच वळत जाते. मध्ये एवढं वाळवंट मोकळं पडलेलं असताना ती अशी नागमोडी का, हे झरा दिसला की कळतं.

डांबर संपलं तिथे थांबून टायरची हवा कमी केली. ३८ पौंडांवरून २० वर. हवा सोडायचा तो सूंऽऽ आवाज भाच्याला फार आवडला, चारही चाकं त्यानेच केली. हवा कमी केली की टायर खालून पसरतो, मुख्यतः लांबीत. जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि मऊ टायर दगड स्वतःच्या पोटात घेतो. माझ्या मते कच्च्या रस्त्यावरची सगळ्यात मोठी सुधारणा ही आहे आणि ती फुकट आहे. बाकी लोक दिवे लावतात, विंच लावतात, स्टिकरं लावतात. मीही लावली आहेत.

दुपारी फोर्ट प्युटे. १८६० च्या दशकात टपालाच्या रक्षणासाठी शिपाई ठेवले होते, त्या ठाण्याच्या आता दगडी भिंती उरल्यात, कंबरेएवढ्या. शेजारी चक्क वाहतं पाणी! वीतभर ओहोळ, पण त्याच्या काठाने विलो आणि कॉटनवुडची हिरवी रेघ. भाचा पाण्यात पाय घालून बसला. इथून पुढचा जुना घाट गाडीला बंद आहे, म्हणून मागे येऊन विजेच्या तारांखालच्या रस्त्याने वळसा घेऊन डोंगर चढावा लागतो. चढ दगडी आहे, अवघड नाही.

वर लॅनफेअर व्हॅलीत आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. जोशुआची झाडं सगळीकडे, हात वर करून उभी. मुक्काम आधी कुणीतरी केलेल्या जागीच करायचा, असा मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह या राखीव क्षेत्राचा नियम आहे, नवी जमीन तुडवायची नाही. एक जुनं चुलाण सापडलं, तिथे थांबलो. धपाटे आणि दही. मी ठरवलं होतं हौद्यात झोपायचं. हौदा साडेपाच फुटी, मी पाच फूट दहा इंच. तिरका झोपलो. रात्री तीन वाजता कोल्हे ओरडले तेव्हा उठून मागचं फळकं पाडलं आणि पाय बाहेर सोडले.

दुसरा दिवस

सकाळी साडेआठला पहिली रेघ पडली.

वाट इथे दोन चाकोऱ्यांची होते, जीपच्या मापाची. दोन्ही बाजूंनी झुडपं. त्यात क्रिओसोट असेल तर काही नाही, ती मऊ असते, बाजूला होते. पण मधून मधून कॅटक्लॉ लागते, नावाप्रमाणे मांजराच्या नखांसारखे वाकडे काटे. आपल्या बाभळीच्या कुळातलीच. पहिली फांदी डाव्या आरशाला लागली, आरसा थरथरला, फांदी ताणली गेली, सुटली आणि पुढच्या दाराच्या कडेपासून मागच्या चाकापर्यंत सावकाश ओढत गेली. पाटीवर नख ओढल्यासारखा आवाज, पण पाच सेकंद. काच बंद होती तरी दातात शिरला. भाच्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी स्टिअरिंग घट्ट धरलं, जणू त्याने काही फरक पडणार होता.

‘आतोबा, थांबायचं का?’

थांबून काय करणार? वाट सोडून बाजूला गाडी घालायला बंदी, फांद्या तोडायलाही बंदी, आणि दोन्ही योग्यच आहे. आरसे मिटले. आठ फुटांवरून सात फुटांच्या जरा वर आलो. काटे आता आरशाऐवजी थेट दाराला. पुढे जीप डुलत डुलत चालली होती, तिला एकही फांदी शिवत नव्हती. वॉकीटॉकीवर मेहुण्याचा आवाज: ‘दाजी, मस्त रस्ता आहे ना?’

पहिल्या दहा रेघांना जीव तुटतो. तेराव्या-चौदाव्यानंतर मी मोजणं सोडलं. या वाळवंटातले लोक त्यांना ‘मोहावी पिनस्ट्राइप’ म्हणतात, म्हणजे कारखान्यात पैसे देऊन मारून घ्यायच्या नक्षीदार रेघा इथे फुकट मिळाल्या, असा अर्थ. रॅप्टरची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, गंजणार नाही, एवढं समाधान मी स्वतःला करून दिलं.

झुडपं विरळ झाली तशी दुसरी तऱ्हा सुरू झाली. शंभर-दोनशे यार्डांच्या रस्त्यावर लाटा, एकामागून एक, गुडघाभर उंचीच्या. गाड्या उड्या मारत जातात आणि प्रत्येक गाडी खड्डा थोडा खोल करते, तसं होत जातं. जीप प्रत्येक लाटेवर नाक वर, नाक खाली. माझा ट्रक इथे खरं तर घरी आल्यासारखा. पुढच्या चाकाला वरखाली व्हायला १३ इंच जागा आहे, मागच्याला जवळजवळ १४. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला शॉकअप म्हणतात ते यात फॉक्स कंपनीचे, तीन इंच व्यासाचे. त्यांची खुबी अशी की मधल्या भागात तेलाला पळायला जादा वाटा ठेवल्यात, तिथे शॉकअप मऊ. चाक जसजसं टोकाकडे जातं तशा त्या वाटा बंद होतात आणि शॉकअप कडक होत जातो. म्हणून छोटा खळगा कळत नाही आणि मोठा खड्डा तळाला आदळत नाही. पण हे सगळं गणित वेगाचं आहे. चाळीसला चाकं खाली वरखाली करत राहतात आणि वरची केबिन तरंगते, कारण एवढ्या वजनाला हलायला वेळच मिळत नाही. ताशी दहा मैलांवर तोच ट्रक प्रत्येक लाटेचा आकार धरतो आणि आतली माणसं बोहल्यावरच्या नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखी डुलतात.

आणि मी दहानेच चाललो होतो. समोर वळण, झाडं, पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. वेगाचा हक्क इथे कुणालाच नाही, कासवाला तर अजिबात घाबरवायचं नाही. वसंतात डेझर्ट कासवं बाहेर पडतात, गाडीच्या सावलीत येऊन बसतात, म्हणून निघण्याआधी चाकाखाली वाकून बघायचं असतं. भाच्याने हे काम मनावर घेतलं. कासव एकही दिसलं नाही, पण त्याने प्रत्येक वेळी चारही चाकं पाहिली.

एका जोशुआच्या झाडाला डबा टांगलेला आहे, जाणाऱ्याने त्यात एक सेंट टाकायचा, असा रिवाज. आम्हा दोघांकडे मिळून पाच क्रेडिट कार्डं आणि नाणं एक नाही. शेवटी माझ्या ट्रकच्या कप ठेवायच्या खळग्यात तळाशी चिकटलेला एक रुपया निघाला. कुठल्या खेपेचा कोण जाणे. भाच्याने टाकला.

रॉक स्प्रिंगजवळ वॉटसन वॉशची उतरण. नाल्याचा काठ इथे पायरी पायरीने सरळ खाली जातो. वळसा आहे, पण मेहुणा तोवर उतरून खाली उभा राहून हात हलवत होता. छोट्या जीपला ही पायरी म्हणजे पायरीच. माझ्या ट्रकची पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून बारा फुटांवर, त्यामुळे मध्ये पोट टेकायची भीती. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) लावला, रॉक मोड, पुढचा कॅमेरा. काचेतून फक्त बॉनेट आणि आकाश, स्क्रीनवर दगड. ‘अठरा... वीस... आतोबा, बावीस डिग्री!’ भाचा आकडे वाचत होता. मेहुणा दोन्ही हातांनी डावीकडे, थोडं डावीकडे, बास, ये, ये. एक चाक हवेतून हळू खाली आलं, मग दुसरं. पोट नाही लागलं. शेवटी, सगळं संपलं असं वाटताना मागचा ट्रेलरचा हिच दगडावर करकरला. शेपूट लांब असल्याचा दंड. उतरून पाहिलं तर चौकोनी लोखंडाचा कोपरा चकचकीत झालेला, बाकी काही नाही.

पुढे गव्हर्न्मेंट होल्स ही विहीर लागते. १९२५ मध्ये पाण्याच्या आणि गुरांच्या भांडणातून दोन बंदूकवाल्यांनी तिथे एकमेकांना गोळ्या घातल्या, दोघेही मेले. ऐकून भाचा खूश. उत्तरेकडे सीमा डोमचा फुगवटा. तिथे २०२० च्या ऑगस्टमध्ये विजेने आग लागली, ४३ हजार एकर जळालं, त्यात दहा लाखांहून जास्त जोशुआची झाडं गेली. हे झाड वर्षाला बोटभर वाढतं. त्याबद्दल गाडीत कुणी काही बोललं नाही.

दुपारनंतर मोहावी मेलबॉक्स. माळावर मधोमध एक खांब, त्यावर झेंडा, आणि खाली पत्र्याची टपालपेटी. १९८० च्या दशकात, ही वाट पुन्हा शोधून काढणाऱ्या मंडळींनी बसवली. आत वही असते, त्यात नाव लिहायचं. पेटीमागे लोकांनी आणून ठेवलेली खेळण्यातल्या बेडकांची जत्रा आहे. ती का, ते विचारू नका. मी वहीत मराठीत लिहिलं: ‘ट्रक रुंद आहे, वाट अरुंद आहे, बाकी सर्व कुशल.’ भाच्याने वाचून दाखवायला लावलं, मग खाली इंग्रजीत लिहिलं की हे माझे काका आहेत आणि ते रेघांमुळे दुःखी आहेत.

विलो वॉशच्या वाळूतून उतरत संध्याकाळी ‘सेव्हन्टीन माइल पॉइंट’ नावाच्या जागेजवळ मुक्काम. त्या रात्री तंबूत झोपलो.

तिसरा दिवस

सोडा लेक कोरडा असेल तरच ओलांडायचा. वरून पांढरी पापडी दिसते, खाली चिखल असतो, आणि पापडी फुटली की गाडी तिथेच. आम्ही कडेला थांबून पाचशे पावलं चालत गेलो, टाच आपटून पाहिली. घट्ट. मग खुणेच्या खांबांना धरून, दोन गाड्यांत बरंच अंतर ठेवून, निघालो. आजूबाजूला मैलोन्‌मैल पांढरं सपाट. ट्रकची मान सारखी वळवळते, ‘जरा दाबा की’ म्हणते. दाबायचं नाही. ठरलेल्या वाटेबाहेर एक चाक टाकायचं नाही, तिथे चाकोरी उठली की वर्षानुवर्षं बुजत नाही.

मधोमध दगडांचा ढीग आहे, ट्रॅव्हलर्स मॉन्युमेंट. वाटेत उचललेला एक दगड आणून त्यात टाकायचा. तळ्यात दगड नाहीत, म्हणून तो आधीच घ्यावा लागतो, आणि ते माहीत असलेले आम्ही तिघंही विसरलो होतो. हौद्यात चाकाला लावायला ठेवलेला घरचाच एक दगड सापडला, तो टाकला. ढिगावर एक पाटी आहे, तिच्यावर काय लिहिलंय ते आल्यावर कुणाला सांगायचं नाही असा दंडक आहे. वाचून हसलो, एवढं सांगतो.

तळं संपलं की रेझर. हे मोकळं क्षेत्र, गाड्या पळवण्यासाठीच राखलेलं, वाळूच्या टेकड्या आणि सपाट पट्टे. मी तीन दिवस याचीच वाट पाहत होतो. भाच्याचा सीटबेल्ट तपासला, आधी पायी जाऊन पट्टा पाहिला, बाहा मोड लावला. मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पावर १९६७ पासून शर्यत होते, तिच्यावरून हे नाव. इंजिनाचा आवाज एकदम घसा खाकरल्यासारखा होतो, चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल मागे सरकतो, गिअर लवकर बदलत नाहीत. दाबला.

आणि तो ट्रक, जो काल प्रत्येक लाटेवर डुलत होता, सरळ झाला. तीस, चाळीस, पंचेचाळीस. खाली चाकं वेड्यासारखी नाचत असणार, पण माझ्या हातात स्टिअरिंग नुसतं गुणगुणत होतं. वळणावर मागचा भाग थोडा बाहेर गेला, मी थोडं उलटं वळवलं, आला. भाचा ओरडत होता, बहुतेक मीही. चार मिनिटं. फार तर पाच. चार वर्षांतली सगळ्यात महागडी पाच मिनिटं, हप्ते आणि विमा धरून.

मग मी मूर्खपणा केला. मेहुणा कुठे राहिला ते बघायला टेकडीच्या चढावर थांबलो. वाळूत थांबायचं तर उतारावर तोंड करून, हे मला माहीत आहे, दुसऱ्यांना मी सांगितलेलं आहे. परत निघालो तर मागची चाकं जागच्या जागी फिरली. अजून दाबलं, अजून खाली. दोन सेकंदांत मागचा धुरा वाळूवर टेकला. ट्रक रिकामा असतानाच अडीच टनांच्या वर, त्यात आमची भर. वाळूला हॉर्सपॉवर दाखवली की ती खड्डा खणून देते.

फावडं काढलं. चाकांपुढची वाळू उपसली, फळ्या घातल्या. फळ्या मागे उडाल्या. पुन्हा उपसली. घामाघूम. मी दोरी काढायला लागलो तेवढ्यात मेहुणा आला, खाली वाकून टायर पाहिले आणि खिशातून प्रेशर गेज काढून माझ्या हातात दिला.

‘दाजी, किती ठेवलीय हवा?’

‘वीस.’

‘वीस दगडाला. चौदावर आणा.’

सहा पौंड. चार चाकं, दहा मिनिटं. लो रेंज, मड-सँड मोड, मागचा डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात), आणि पाय जेमतेम पेडलवर ठेवून मी आधी मागे घेतला, फूटभर. चाकं फिरली नाहीत, रांगली. उतारावरून मागे आला, निघाला. दोरी तशीच पिशवीत राहिली. मेहुणा काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

त्यानंतर आफ्टन कॅन्यन. मोहावी नदी ही उलटी नदी, बहुतेक ठिकाणी वाळूखालून वाहते, पण इथे खालचा कातळ वर आलाय म्हणून पाणी वर दिसतं. रंगीत कडे, मधून रेल्वेची लाइन आणि पूल. मालगाडी गेली, भाच्याने डबे मोजले, शंभराच्या पुढे त्याचा गोंधळ झाला. मग तो उतार आला जिथे नदी ओलांडायची असते. पलीकडे कॅम्पग्राउंड जवळच, म्हणजे खरं तर प्रवास संपलाच.

पाणी गढूळ आणि संथ. मेहुण्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली, काठी घेतली, आत गेला. गुडघा. मांडी. मग एकदम कंबर, आणि अजून मध्य आला नव्हता. काठी पुढे टेकवली तर अजून खाली गेली. तळाशी चिखल.

मी ट्रकपाशी उभं राहून स्वतःच्या कंबरेची उंची बॉनेटशी ताडून पाहिली. मनातल्या मनात चार वेळा पलीकडे गेलो. हवा आत घेण्याची वाट जर पाण्याखाली गेली, तर सिलिंडरमध्ये पाणी जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनखालचा दांडा वाकतो आणि इंजिनाचं काम तमाम होतं. ते ४५० हॉर्सपॉवरचं असो की ४५. आणि माझ्या शेजारी दुसऱ्याचं पोर बसलं होतं.

‘काय करायचं, दाजी?’ मेहुणा कंबरेतून ओला, काठी हातात.

‘फिरू.’

त्याने लगेच मान हलवली. तोही हेच ऐकायची वाट बघत होता, असं दिसलं. उतारावर ट्रक वळवायला मला पाच वेळा मागे-पुढे करावं लागलं. जीप एका झटक्यात फिरली. परत रेल्वेच्या कडेने मागे, बेसिन रोडने वर, आणि आय-१५ च्या कडेला येऊन टायर भरायला बसलो. ३५ इंची टायर चौदावरून अडतीसवर न्यायला बारका कॉम्प्रेसर प्रत्येकी दहा मिनिटं घुरघुरतो. अंधार पडला. लास वेगासहून परतणारे दिवे एकामागून एक जात होते. भाचा मागच्या सीटवर झोपला, त्याला बापाने उचलून जीपमध्ये नेलं तरी जागा झाला नाही.

नंतर

एकूण ५४० मैल, ४० गॅलन गॅस. हायवेवर गॅलनला सोळा मैल पडले, कच्च्या वाटेवर नऊ. दोनशे डॉलरच्या आसपास गेले.

रविवारी ट्रक धुवायला काढला. स्वयंचलित वॉशमध्ये तो बसत नाही, चाकं रुळाच्या बाहेर येतात, म्हणून हाताने. आधी खालून, कारण सोडा लेकचं मीठ चासीच्या सांध्यात राहिलं तर ती पोलादी आहे, ती गंजेल. दोन तास पांढरं पाणी निघत होतं. मग पॉलिश. बहुतेक रेघा वरच्या थरातल्या, घासून गेल्या. डाव्या बाजूची पहिली मात्र नखाला लागते. बायको बाहेर आली, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत तिने रेघेवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, आणि आत गेली. संध्याकाळी तिने भावाला फोन केला. काय बोलली ते मला माहीत नाही, पण रात्री त्याचा मला आला.

‘दाजी, नोव्हेंबरमध्ये नदी उतरली की राहिलेला तुकडा करू. तुम्ही माझ्या जीपमध्येच या की. ट्रक राहू दे घरी.’

‘आणि पाण्याचे कॅन, लाकडं, तंबू, तुझं पोरगं?’

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही.

‘बरं, आणा ट्रक,’ तो म्हणाला. ‘पण पुढे तुम्ही राहा. झुडपं जरा बाजूला होतील.’